आम्ही दुकान वाढवत आहोत

माझ्या सासूबाईंच्या दुकानात पापड मिळायच्या आधी चौकशी होते. नवीन बाई पायरी चढली की सासूबाई चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "कुठली गो तू?" बाईने पेणची म्हटलं तर पेणात कुठे, माहेर कुठलं, सासू कशी आहे, इतकं झाल्याशिवाय बरणीचं झाकण उघडत नाही. पुरुष असला तर चौकशी लवकर आटोपते, कारण पुरुषांना घरातलं काही ठाऊकच नसतं असं त्यांचं ठाम मत आहे. मग गिऱ्हाइकाला बाकावर बसवायचं आणि हातावर एक लाटी ठेवायची. लाटी म्हणजे पोह्याच्या पापडाच्या कुटलेल्या पिठाची गोळी, लाटायच्या आधीची, वर कच्च्या तेलाचा थेंब. ती खाताना माणसाच्या डोळ्यांत मिरचीचं पाणी आलं की सासूबाईंचा दिवस चांगला जातो.

"ज्यानं आपली लाटी खाल्ली नाय, तो गिऱ्हाईक नाय," असं त्या म्हणायच्या. "तो नुसता घेणारा."

लग्न होऊन मी रोह्याहून पेणला आले तेव्हा मला हा सगळा प्रकार अघोरी वाटला होता. आमचं घर रोह्यात नदीपलीकडे, अष्टमी नावाच्या भागात. वडील कंपनीत होते, त्यामुळे घरातली भाषाही कंपनीची: फर्स्ट लागली, सेकंड सुटली, ओव्हरटाइम मिळाला. दुकानात जायचं, वस्तू मागायची, पिशवीत टाकायची आणि घरी यायचं, एवढाच माझा दुकानाशी संबंध. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतेय, कारण पुढे जो घोळ मी घातला त्याला थोडा तरी आधार हवा.

दुकान बाजारातल्या अरुंद गल्लीत आहे. सासरे गेल्यावर सासूबाईंनी ते एकटीने चालवलं. पूर्वी मुंबईची माणसं गणपती ठरवायला पेणला आली की मूर्तीचं काम उरकून पापड घ्यायला आमच्या गल्लीत शिरायची. आता तीच माणसं पेणच्या अलीकडे हमरापूरलाच मूर्ती ठरवतात आणि तिथूनच परत फिरतात. कोकणात उतरणारे बायपासने थेट वडखळ गाठतात आणि तिथल्या झगमगीत दुकानांतून 'पेणचे पापड' असं लिहिलेलं काहीही उचलतात. मला याचा भयंकर राग येतो. त्या दुकानांवरून एसटी जायला लागली की मी तोंड दुसरीकडे वळवून बसते. नवरा म्हणतो, त्यांना काय फरक पडतो? मी म्हणते, मला पडतो.

तर एका दिवाळीत गल्लीच्या तोंडाशी मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याने आमचं दुकान भाड्याने मागितलं. सासूबाई म्हणाल्या, "गुढीपाडव्यापर्यंत बघू. गिऱ्हाईक आलं तर आलं, नायतर देऊन टाकू." जुनी बादली भंगारवाल्याला द्यावी इतक्या सहज बोलल्या. मला मात्र ते फार लागलं. मी सरळ सांगते, मला ते दुकान हवं होतं. सासूबाईंच्या म्हातारपणासाठी, घराण्याच्या नावासाठी वगैरे नाही. तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची, भांडायची मला चटक लागली होती. ती जागा गेली तर मी दिवसभर कोणाशी भांडणार?

म्हणून मी फोनवर गिऱ्हाइकांचा ग्रुप काढला. दुकानात न येता फोनवरून पापड मागवणाऱ्या ज्यांचे ज्यांचे नंबर होते त्यांना त्यात ओढलं. पहिल्या आठवड्यात ग्रुपवर पापडांपेक्षा गुलाबाची फुलं जास्त आली. सकाळी फुलं, दुपारी आवळ्याचे फायदे, संध्याकाळी परत फुलं. माझं डोकं फिरलं आणि मी लिहिलं, 'इथे फक्त पापडाचं बोलावे.' झालं, ग्रुप गार पडला. पापडाचं तर सोडाच, कोणी कशाचंच बोलेना.

"तू गिऱ्हाइकाला दम देतेस?" नवरा म्हणाला. तो रोह्यालाच कंपनीत आहे, स्वभावाने थंड.

सासूबाईंनी फोन मागून घेतला. टाइप करणं त्यांना जमत नाही, म्हणून मी आवाज पाठवायचं बटण दाखवलं. त्यांनी फोन तोंडासमोर आडवा धरला आणि खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा सुरात सुरुवात केली. "अगो बायांनो, गप का सगळ्या? माझ्या सुनेचा राग धरू नका, ती तोंडानं तिखट हाय, मनात काय नाय तिच्या. आणि ती रोह्याची, गुडघा दुखतो म्हणत होतीस, तो बरा हाय का? कमी तिखटवाली, तुझ्या लेकीचं ठरलं काय?"

दहा मिनिटांत ग्रुप जागा झाला. गुडघ्याची सविस्तर हकीकत आली, लेकीचं ठरल्याचं कळलं, आणि लग्नासाठी पापड-मिरगुंडांची भली मोठी ऑर्डर आली. तेव्हापासून दुपारी जेवणं झाली की सासूबाईंचा आवाज ग्रुपवर जायचा. त्यांना ही माणसं फक्त फोनवरच्या आवाजांवरून माहीत होती, म्हणून त्यांनी आपल्या सोयीची नावं ठेवली: गुडघेवाली, कमी तिखटवाली, सारखी खोकते ती. मी पापड लाटतानाचे छोटे व्हिडिओ टाकायला लागले. त्यात फक्त सासूबाईंचे हात दिसायचे आणि मागून त्यांचं बोलणं ऐकू यायचं. "तेल तापल्याबिगर पापड टाकलास तर तो माझा पापड नाय, तुझा!" हे वाक्य कुठे कुठे फिरलं कोण जाणे. जिने आम्हाला कधी पाहिलं नव्हतं अशी एक कॉलेजातली मुलगी रोज विचारायची, 'आजी, आज ओरडल्या नाहीत?' लोक पैसे देऊन ओरडा खायला तयार असतात हे मला तेव्हा कळलं.

रोह्याची मागणी वाढली तशी मी तिथला कारभार माझ्या आईकडे सोपवला. नवऱ्याने कंपनीच्या बसमधून पिशव्या न्यायच्या, रोह्याला आईकडे टाकायच्या आणि बायकांनी तिच्या ओट्यावरून आपापली पिशवी उचलायची. बसला कंपनीतले लोक पापडगाडी म्हणायला लागले. आईने तर ग्रुपवर आपल्या नावापुढे 'रोहा शाखा' असं लिहून घेतलं आणि उशिरा येणाऱ्या बायकांना ती माझ्यापेक्षा जास्त दम द्यायला लागली.

प्रत्येक पिशवीत मी एक छोटी डबी टाकायचे, तीत दोन लाट्या आणि बाटलीच्या झाकणाएवढं तेल. ही युक्ती माझी आणि मला तिचा अभिमान आहे. पापड वडखळलाही मिळतात, लाटी कुठे मिळते? ज्यांनी एकदा डबी उघडली त्या बायका पुढच्या वेळी आधी लाटीचं विचारायच्या आणि मग पापडाचं. सासूबाईंना मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "बघा, आता फोनवरच्यांनीही लाटी खाल्ली. झाली ना गिऱ्हाइकं?"

"पाठवलेली लाटी वेगळी," त्या म्हणाल्या. "डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं काय? ती माणसं हायत कुठे? मला नुसती टिंगटिंग ऐकू येते."

रोज दुपारी त्या ज्यांच्या गुडघ्याची चौकशी करायच्या, त्यांना त्या हिशेबातच धरत नव्हत्या. बाकावर दिवसभरात दोन-चार माणसं बसली तर बसली, आणि सासूबाईंच्या लेखी दुकान म्हणजे तो बाक. मी पिशव्यांचा ढीग नेमका त्या बाकावर ठेवायचे, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. त्यावरून आमची रोज वादावादी व्हायची.

पाडवा जवळ आला. पापडाचा खरा हंगाम तेव्हाच सुरू होतो. त्याच सुमारास आमच्या शेजारचे शिंपीकाका काम थांबवून मुलाकडे राहायला गेले आणि त्यांचा गाळा रिकामा झाला. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, आपलं दुकान द्यायचं नाही. उलट शेजारचा गाळा घेऊ. मधली भिंत पाडू, पिशव्या तिकडे, बाक इकडे."

"बघू," त्या म्हणाल्या.

आमच्या घरात 'बघू'चे दोन अर्थ आहेत. लग्नाला जायचं का, मासळी आणायची का, अशा बाबतीत 'बघू' म्हणजे होय. खर्चाच्या बाबतीत 'बघू' म्हणजे नाही. हे नवऱ्याने मला नव्या नवरीलाच समजावलं होतं. मी सोयीचा अर्थ घेतला आणि शनिवारी दुपारी दुकानात बसून ग्रुपवर टाकायला मजकूर लिहिला. सोबत सासूबाईंचा दसऱ्याचा फोटो जोडला, गल्ल्यावर बसलेल्या, मागे झेंडूची तोरणं. फोनने आपणहून फोटोला सोनेरी चौकट घातली, ती मला छान वाटली. मजकूर असा होता: 'नमस्कार. आजवर आपण दिलेल्या प्रेमाबद्दल आणि विश्वासाबद्दल आम्ही आपले कायम ऋणी आहोत. येत्या गुढीपाडव्यापासून आम्ही दुकान वाढवत आहोत. आपला लोभ असाच राहो.'

पाठवून झाल्यावर मी तो सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या बरणी पुसत होत्या. हात थांबला.

"पाडव्यापासून?"

"हो, पाडव्यापासून."

"सगळ्यांना कळवलंस?"

"सगळ्यांना. रोह्यालासुद्धा."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि तीच बरणी पुन्हा पुसायला लागल्या. त्या दुपारी त्यांनी ग्रुपवर आवाज पाठवला नाही. डोकं जड झालंय म्हणून घरी निघून गेल्या. मला वाटलं, आनंदाने भरून आलं असेल. मी स्वतःवर इतकी खूश होते की मला दुसरं काही सुचलंच नाही.

थोड्या वेळाने पहिलं उत्तर आलं. एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलं होतं, 'वाचून फार वाईट वाटले.' मला वाटलं, चुकून आमच्या ग्रुपवर पडलं. मग दुसरीचं आलं, 'असं अचानक?' मग, 'आजारी होत्या का?' मग जोडलेले हात. मग कोणीतरी चक्क 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं आणि त्यामागून फुलांची रांग लागली, या वेळी पांढऱ्या. माझं टाळकं सरकलं. हा कव्हरवाल्याचाच डाव असणार असं वाटून मी चप्पल घालून निघालेच होते, तेवढ्यात रोह्याहून आईचा फोन आला.

"विहीणबाई बऱ्या हायत ना गो?"

"त्यांना काय धाड भरलीय? घरी गेल्यात आताच."

"मग हे काय? रोहा शाखेला न विचारता दुकान वाढवताय?"

"वाढवतोय तर चांगलंच आहे ना?"

"चांगलं कसं? चालतं दुकान कोणी बंद करतं काय?"

"बंद कोण करतंय?"

"तूच लिवलंस ना, पाडव्यापासून वाढवतोय म्हणून!"

मी बाकावर बसले, पिशव्यांवरच. दुकानदार 'बंद' हा शब्द तोंडातून काढत नाही. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणायचं. आणि दुकानाचं शटर ओढायचं म्हणजे दुकान वाढवायचं. लग्न झाल्यापासून रोज संध्याकाळी मी सासूबाईंच्या तोंडून 'वाढव गो दुकान' ऐकत होते आणि शटरही माझ्याच हाताने ओढत होते. पण लिहायला बसले आणि माझ्यातली कंपनीवाल्याची मुलगी जागी झाली. आमच्या माहेरी पानं वाढायची आणि पोरं वाढायची, तिसरं काही वाढत नव्हतं. त्यात झेंडू, सोनेरी चौकट आणि 'कायम ऋणी'. लोकांचा तरी काय दोष?

आणि मग ध्यानात आलं, सासूबाईंनीही तेच ऐकलं होतं.

मी दुकान तसंच उघडं टाकून, समोरच्या भांडीवाल्याला लक्ष ठेवायला सांगून घरी पळाले. त्या पडवीत बसल्या होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. जवळ ना कांदा होता ना मिरची.

"आई, बंद नाही करत आपण! मोठं करतोय. शेजारचा गाळा घेऊन."

त्यांनी पदर डोळ्यांवरून काढला. "मग मोठं करतो असं लिवायचं ना, मेले!"

"पण तुम्ही 'बरं केलंस' का म्हणालात? इतकं वाईट वाटत होतं तर ओरडायचं ना माझ्यावर. सगळ्या गावाला ओरडता!"

"मला वाटलं, तुला झेपत नाय. सांगायला लाजतेस. तुझ्या मानेवर माझं दुकान किती दिस ठेवू? तूच सोडलंस तर मी कोणत्या तोंडानं नको म्हणू?"

इतके दिवस मी समजत होते की त्यांना दुकान नको झालंय, आणि त्या समजत होत्या की मला. दोघींनाही ते मनापासून हवं होतं. एका घरात राहून, रोज एका बाकावरून भांडून, ही एवढी गोष्ट आम्ही एकमेकींना सांगितली नव्हती. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

मग मी त्यांना श्रद्धांजली दाखवली. त्या इतक्या हसल्या की चष्मा खाली पडला. फोन मागून घेतला आणि आडवा धरला. "मी जिवंत हाय गो! ज्यांनी फुलं वाहिली त्यांनी परत न्या. माझ्या सुनेला मराठी येत नाय, तिला माफ करा. दुकान बंद नाय होणार."

"आणि गाळ्याचं, आई?" मी लगेच विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या. कुठला अर्थ, ते कळेना.

माझ्या पहिल्या मजकुराने मात्र तोवर गाव सोडलं होतं. तो पुढे, त्याच्या पुढे, कुणाच्या तरी भिशीच्या ग्रुपवर, कुणाच्या सोसायटीत गेला. खुलासा मागेच राहिला. आणि रोह्याच्या आईला खुलासा कळला तरी ती म्हणाली, "मी गाडी ठरवली हाय. बाया तयार झाल्यात. आता येतोच आम्ही."

रविवारी सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर माणसं. कोणी शेवटचे पापड न्यायला आलेलं, कोणी समाचाराला, कोणी नुसतं 'खरं काय ते बघायला'. सासूबाई गल्ल्यावर जिवंत बसलेल्या बघून एका काकांची फारच पंचाईत झाली. ते पांढऱ्या सदऱ्यात आले होते. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली आणि माझी आई पुढे, मागे रोह्याच्या बायका, असा मोर्चा आत आला. एक थोराड बाई पायरी चढताना कठड्याला धरून थांबली आणि म्हणाली, "आजी, दम लागला हो."

सासूबाईंनी नेहमीसारखा चष्मा कपाळावर सरकवला. मी वाट बघत होते, आता येणार 'कुठली गो तू?' पण त्यांनी ते विचारलंच नाही. त्या उठून उभ्या राहिल्या.

"गुडघेवाली ना तू?"

बाईने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. मग सासूबाई थांबल्याच नाहीत. "तू बोल बघू काय तरी. व्हय, कमी तिखटवाली! आणि ही कोण, खोकते ती. अगो, अजून खोकतेसच काय?" एक जीन्स घातलेली मुलगी मागे उभी होती, मोबाइलवर सगळं टिपत. ती नुसती म्हणाली, "आजी, आज ओरडल्या नाहीत?" आणि सासूबाईंनी तिला जवळ ओढून पाठीत हलकी थाप मारली. चेहरे त्या पहिल्यांदा बघत होत्या, पण आवाज एकही चुकला नाही. मी पिशव्यांचा ढीग उचलून बाक मोकळा केला आणि सासूबाईंनी लाट्यांचं पातेलं मांडीवर घेतलं. एकेकीला बसवायचं, हातावर लाटी, वर तेल, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत तोंडाकडे बघत राहायचं.

"गिऱ्हाईक हाय," त्या प्रत्येक वेळी माझ्याकडे वळून सांगत होत्या, जणू मीच इतके दिवस नाही म्हणत होते.

माझी आई रांग लावत होती आणि रांग मोडणाऱ्या पेणकरांना रोहा शाखेचा हिसका दाखवत होती. दुपारी कव्हरवाला डोकावला. त्यालाही कळलं होतं की दुकान वाढवणार, म्हणून तो भाड्याचं बोलायला आला होता. सासूबाईंनी त्याला बसवलं, माहेर सोडून सगळं विचारलं आणि हातावर लाटी ठेवली. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भाड्याचं न बोलता पापडाची दोन पाकिटं घेऊन तो परत गेला. आता तो ग्रुपवर आहे आणि सकाळी फुलं पाठवतो. मी काही बोलत नाही.

उन्हं उतरायच्या आत बरण्या रिकाम्या झाल्या. मिरगुंडं संपली, सांडगी मिरची संपली, पातेल्याला लागलेली शेवटची लाटी आईने खाल्ली. रोह्याची गाडी गेली. सासूबाई बाकावर पाय पसरून बसल्या होत्या. विकायला काहीच उरलं नव्हतं.

"वाढव गो दुकान," त्या म्हणाल्या.

मी शटरला हात घातला आणि थांबले. कालची फजिती अजून ताजी होती. शेजारच्या गाळ्याला शिंपीकाकांचं कुलूप तसंच होतं.

"आई, म्हणजे बंद की मोठं?"

त्यांनी एकदा त्या कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोन्ही," त्या म्हणाल्या. "आधी शटर ओढ."